जुनं व्हाइटमेटल इंजिन किट: पेटी उघडण्यापासून रुळावर धावेपर्यंत

व्हाइटमेटल या मऊ, लवकर वितळणाऱ्या धातूच्या भागांतून मॉडेल रेल्वेचं छोटं वाफेचं इंजिन जोडायचं किट हाती आलं की बहुतेक जण आधी बॉडी जोडायला बसतात. साहजिक आहे. धुराडं, घुमट, चालकाची कॅब हेच तर डोळ्यांत भरतं. पण बॉडी सजून तयार आणि खाली चेसिस अडखळतेय, अशी इंजिनं मग वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतात. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे. आधी चेसिस. ती मोटरशिवाय उतारावर आपोआप घरंगळली की मोटर. मोटरवर सरळ, सावकाश चालली की मगच बॉडी. एवढं पाळलं तर पुढचं बरंचसं काम निभावून जातं, कारण या धातूचा सांधा चुकला तर पुन्हा उकलता येतो.

हे किट म्हणजे काय

कथील, शिसे, अँटिमनी यांचा मिश्रधातू वितळवून रबराच्या फिरत्या साच्यात ओततात आणि निघालेले भाग पेटीत भरून विकतात. इंग्लंडमध्ये केज, विल्स, जेम, न्यू-कास्ट, डीजेएच अशा लहान-मोठ्या उत्पादकांनी ही किटं काढली. आज हाती येणारी जुनी किटं बहुधा कुणाच्या तरी संग्रहातून निघालेली असतात. प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. खऱ्या इंग्लिश रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, ती या प्रमाणात १८.८३ मिलिमीटर भरते. म्हणजे इंजिन बरोबर आणि रूळ थोडे अरुंद, ही तडजोड या छंदात फार पूर्वीच स्वीकारली गेली.

मराठवाड्यातल्या माणसाला हे काम परकं वाटायचं कारण नाही. मनमाड, औरंगाबाद, परभणी, नांदेड हा सगळा रस्ता १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेजचा होता आणि पूर्णा जंक्शनच्या शेडमधला धूर पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिची पहिली ०-८-४ (पुढची, जोडलेली आणि मागची चाकं किती ते सांगणारे आकडे) टाकी-इंजिनं, म्हणजे पाणी स्वतःवरच वाहणारी इंजिनं, लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली होती. तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या प्रमाणात नेमके १० मिलिमीटर. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, तो नेमका २२ मिलिमीटर. पुढे कधी तरी लातूरच्या गाडीचं इंजिन पत्र्यातून स्वतः घडवायची इच्छा असेल, तर हात बसवायला या जुन्या किटांसारखी शाळा नाही.

पहिलं किट मात्र इंग्लंडमधल्या साध्या ०-६-० टाकी-इंजिनाचं घ्या. सहा चाकं, सगळी जोडलेली, टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) नाही, बाहेरचे सिलिंडर नाहीत, पिस्टनच्या हलत्या दांड्यांचं जंजाळ नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा ५७०० वर्ग हा उत्तम नमुना. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिनं बांधली गेली, त्यामुळे फोटो आणि आराखडे मुबलक मिळतात. पुढची मापं मी याच इंजिनाची देतो.

पेटी तपासताना

जुन्या किटात काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी बघा. सूचनांच्या कागदावर भागांची यादी असते, ती घेऊन एकेक भाग ताटात मांडा. बफर, धुराड्याची टोपी, सेफ्टी व्हॉल्व्ह हे बारके तुकडे हमखास गायब असतात. ते नंतर मिळवता येतात किंवा पितळेत घडवता येतात. बॉयलरचा अर्धा भाग किंवा कॅबची एक बाजू नसेल तर किट घेऊ नका.

विल्सची सुरुवातीची बरीच किटं नुसत्या बॉडीची होती, खाली ट्रायंगच्या खेळण्यातल्या इंजिनाची तयार चेसिस बसवायची. केजच्या बऱ्याच किटांत चेसिस, चाकं, मोटर सगळं असायचं. विकत घेताना हे विचारून घ्या, कारण चाकं आणि गिअर वेगळे मागवले तर त्यांचाच खर्च किटाच्या वर जातो. परदेशी पार्सलवर सीमाशुल्क लागतं, तेही हिशेबात धरा.

दोन आजार ओळखायला शिका. जस्ताच्या मिश्रधातूच्या जुन्या चेसिसला बारीक तडे जाऊन ती फुगते, वाकते आणि शेवटी बोटाने तुटते. यावर उपाय नाही, ती फेकायचीच. व्हाइटमेटलला हा रोग होत नाही, पण त्यात शिसे जास्त असेल तर आंबूस वाफ सोडणाऱ्या लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या पेटीत त्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. कोरडी घासू नका, फुंकू नका. हातमोजे घालून ओल्या ब्रशने धुऊन काढा. खाली धातू शाबूत असेल तर भाग वापरण्याजोगा आहे.

आधीच कुणी जोडलेलं असेल तर

अर्धवट किंवा वेडंवाकडं जोडलेलं इंजिन स्वस्तात मिळतं आणि मला ते कोऱ्या पेटीपेक्षा जास्त आवडतं. जुन्या पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, चिमट्याने बॉडी आत सोडा. सांधे कमी तापमानाच्या सोल्डरचे असतील तर ते ७० अंशांनाच वितळतात आणि भाग आपोआप सुटे होतात. अ‍ॅराल्डाइटने चिकटवलेलं असेल तर थोडा वेळ लागतो, पण उकळत्या पाण्यात तेही मऊ पडतं आणि सांधा हलक्या हाताने उकलतो. व्हाइटमेटलला १०० अंशांनी काही होत नाही. प्लास्टिकच्या आऱ्यांची चाकं आणि मोटर मात्र आधी काढून ठेवा. आणि ते पातेलं परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. त्यावर ऑइलपेंटने फुली मारून ठेवा.

जागा आणि हत्यारं

दुकान मोठं मांडायची गरज नाही. पण एक वस्तू अशी आहे की तिच्याशिवाय काम सुरूच करू नये: काचवाल्याकडून घेतलेला ८ किंवा १० मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा, साधारण एक फूट लांब. आपल्या घरातला सर्वात सपाट पृष्ठभाग तोच असतो. चेसिस वाकडी आहे का, फुटप्लेटला (बॉडीच्या तळाच्या सपाट पत्र्याला) पोक आलंय का, हे सगळं त्यावर ठेवून कळतं. सोबत एक लहान पोलादी गुण्या आणि डिजिटल कॅलिपर.

बाकी हत्यारांसाठी सराफ्यात जा. सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात बारीक कानशी, पातळ पात्याची करवत, चिमटे, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, सगळं एका जागी मिळतं आणि छंदाच्या परदेशी दुकानांपेक्षा कितीतरी स्वस्त. आमच्या ओळखीचे एक सोनारकाका आहेत. करवतीच्या पात्याचे दात खाली, म्हणजे मुठीकडे ठेवायचे, हे मी त्यांच्याकडेच शिकलो. पण व्हाइटमेटलचा तुकडा दाखवायला नेला तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या कानशी बाजूला सरकवल्या. ‘शिसं लागलेली कानस माझ्या पाटावर नको रे बाबा,’ म्हणाले. शिशाचा कण सोन्यात गेला की ते तापवताना ठिसूळ होतं, म्हणून सोनार शिशाला जवळ येऊ देत नाहीत. तुम्हीही व्हाइटमेटलच्या कानशी वेगळ्या ठेवा. हा मऊ धातू दातांत भरून बसतो. आधी कानशीवर शाळेतला खडू चोळून घेतला तर कमी भरतो आणि तारेच्या ब्रशने लगेच झडतो.

शिशाबद्दल एक नियम घरात सर्वांना माहीत असू द्या: या टेबलावर चहा-फराळ नाही, काम संपलं की साबणाने हात, आणि कीस झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. लहान मुलं घरात असतील तर काम झाकून ठेवता येईल असा ट्रे करा.

चेसिस

५७०० वर्गाच्या पुढच्या आणि मधल्या आसांत ७ फूट ३ इंच अंतर आहे, मधल्या आणि मागच्या आसांत ८ फूट ३ इंच. आपल्या प्रमाणात २९ आणि ३३ मिलिमीटर. चाकाचा व्यास ४ फूट साडेसात इंच, म्हणजे १८.५ मिलिमीटर. किटातल्या फ्रेमवर ही मापं कॅलिपरने तपासा. साचे जुने झालेले असतात आणि भोकं पाडणाऱ्याचा हातही चुकलेला असतो.

फ्रेमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामधले ठोकळे बहुधा स्क्रूने जोडायचे असतात. स्क्रू आधी अर्धेच आवळा. बेअरिंगच्या भोकांतून आसाच्या जाडीच्या, म्हणजे १/८ इंची (३.१७५ मिलिमीटर) सरळ पोलादी सळया आरपार घाला. सळया जितक्या लांब, तितका तिरकेपणा लवकर दिसतो. दोन सळयांमधलं अंतर डाव्या टोकाला मोजा, उजव्या टोकाला मोजा. दोन्हीकडे सारखं येईपर्यंत फ्रेम हलवा आणि मग स्क्रू आवळा. आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण शेवटच्या फेऱ्यात फ्रेम हमखास सरकते.

बेअरिंगची भोकं घट्ट असतील तर ३.२ मिलिमीटरचं ड्रिल घालायचा मोह होईल. नको. ड्रिल भोक त्रिकोणी पाडतं. १/८ इंची रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) औजारांच्या दुकानात मिळतो, तो हाताने, एकाच दिशेने, थेंबभर तेल लावून फिरवा. आस स्वतःच्या वजनाने गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

आता चाकं. रोमफर्ड छापाच्या चाकांना चौकोनी टोकाचे आस असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांच्या क्रँकमधला (रॉड जिथे बसतो त्या, केंद्राबाहेरच्या खुंट्यांमधला) ९० अंशांचा कोन आपोआप जुळतो. हा कोन तिन्ही आसांवर सारखा असणं हे या सगळ्या कामाचं मर्म आहे. ८९ असो की ९१, चालेल, पण तिन्हीकडे तोच हवा. दाबून बसवायची जुनी चाकं असतील तर चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडच्या आऱ्या बघत एकेक जोडी जुळवावी लागते. वेळ जातो, जाऊ द्या. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ मिलिमीटर ठेवा.

मग कपलिंग रॉड, म्हणजे एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्या, आणि इथे घाई अजिबात नको. तिन्ही आसांचे रॉड एकदम चढवले तर अडतंय कुठे ते कधीच कळणार नाही. आधी मधली आणि मागची जोडी. एका बाजूचा रॉड लावा, चाकं फिरवा. दुसऱ्या बाजूचा लावा, फिरवा. अडलं तर क्रँक कुठल्या स्थितीत आहे ते बघा. दोन्ही क्रँक पुढे किंवा मागे असताना अडत असेल तर रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि आसांमधलं अंतर जुळत नाही. क्रँक वर-खाली असताना अडत असेल तर ९० अंशांचा कोन चुकलाय. कारण सापडलं की अडणाऱ्या भोकात सोनाराची गोल बारीक कानस एक-दोनदाच फिरवा, ज्या बाजूला घासतंय त्याच बाजूला, आणि पुन्हा लावून बघा. सगळी भोकं सरसकट मोठी करणारा माणूस शेवटी खडखडणारं इंजिन बनवतो. मागची जोडी मोकळी झाली की पुढची जोडा आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या.

शेवटी चेसिस काचेवर ठेवा. सहाही चाकं टेकली पाहिजेत. कोपऱ्यावर बोट दाबल्यावर डुगडुगली तर एखादं बेअरिंग वर-खाली आहे. मग रुळाचा तुकडा फळीवर ठोकून फळी जराशी तिरपी करा. चेसिस न ढकलता, न थबकता खाली आली पाहिजे. येत नसेल तर मोटर लावून ते झाकायचा प्रयत्न करू नका. मोटरच्या जोरावर फिरणारं वाकडं चाक रॉडची भोकं खाऊन टाकतं.

मोटर आणि वीज

जुनी मोटर चालू असेल तर आधी तीच वापरून बघा. तिचा आर्मेचर (आतला फिरणारा भाग) मात्र उगाच बाहेर काढू नका. जुन्या चुंबकातून तो काढला की चुंबकाची ताकद कमी होते आणि मोटर जास्त वीज खाऊन तापू लागते. मोटर गेलेलीच असेल तर रोबोटिक्सचं साहित्य विकणाऱ्यांकडची १२ व्होल्टची एन-२० मोटर आकाराने सहज बसते, १० बाय १२ मिलिमीटर. तिचा दांडा बारीक असतो, तेव्हा वर्म गिअरचं (मोटरच्या दांड्यावर बसणाऱ्या, स्क्रूसारख्या गिअरचं) भोक त्याला जुळेल असं बघून घ्या.

गिअर ४०:१ चा घ्या. हिशेब सोपा आहे. १८.५ मिलिमीटर चाकाचा परीघ ५८ मिलिमीटर. खऱ्या इंजिनाचा ताशी ४८ किलोमीटर वेग आपल्या प्रमाणात सेकंदाला १७५ मिलिमीटर होतो, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे १८० फेरे आणि मोटरचे ७२००. शंटिंग करणाऱ्या इंजिनाला याहून जास्त वेग लागतच नाही, आणि सावकाश चालण्यातच या इंजिनाची शोभा आहे. वर्म आणि गिअर जुळवताना मधे पातळ कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, मग कागद फिरवून काढून घ्या. तेवढीच फट हवी.

जुन्या पद्धतीत एका बाजूची चाकं थेट धातूची असतात आणि रुळांतून आलेली वीज फ्रेममधून परत जाते. दुसऱ्या बाजूची चाकं फ्रेमपासून विजेसाठी अलग केलेली, त्यांना फॉस्फर ब्राँझची पातळ तार हलकेच टेकवून वीज घ्यायची. ती तार सर्किट बोर्डाच्या तुकड्यावर सोल्डर करा आणि तो तुकडा चेसिसखाली अ‍ॅराल्डाइटने चिकटवा. तारेचा दाब चाकाला ब्रेक लागेल इतका नसावा. लक्षात ठेवा, वर बसणारी सगळी बॉडी धातूची आहे. अलग बाजूचं चाक तिला कुठेही टेकलं की शॉर्ट. मल्टिमीटरने प्रत्येक टप्प्यावर तपासा. मग बॉडीशिवाय चेसिस अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने चालवा. गिअर एकमेकांत बसतात आणि आवाज बदललेला तुम्हाला ऐकू येतो.

सोल्डर

साधा सोल्डर १८३ अंशांच्या वर वितळतो आणि सोल्डर करायच्या साध्या इस्त्रीचं (सोल्डरिंग आयर्नचं) टोक ३५० च्या पुढे असतं. व्हाइटमेटल दोनशेच्या आसपासच हार मानतो. चुकून इस्त्री टेकली तर कॅबच्या भिंतीचा क्षणात गोळा होतो. म्हणून इथे ७० अंशांचा सोल्डर वापरायचा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे ‘वुड्स मेटल’ नावाने जो मिश्रधातू मिळतो तो याच घराण्यातला: बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम. कॅडमियममुळे खिडकी उघडी हवीच आणि तो गरजेपेक्षा जास्त तापवायचा नाही. कॅडमियम नको असेल तर ‘रोझेस मेटल’ घ्या. तो ९५ अंशांच्या आसपास वितळतो आणि व्हाइटमेटलला तोही सुरक्षित आहे. मी स्वतः घरात मुलं असणाऱ्याला तोच सुचवतो.

इस्त्री तापमान ठरवता येणारी हवी. नसेल तर २५ वॅटची साधी इस्त्री आणि तिच्या आधी दिव्याचा डिमर, हा जोड वायरमनकडून बोर्डात नीट बसवून घ्या. तापमान मोजायला यंत्र लागत नाही. किटाच्या ओतीव भागांना जोडलेली टाकाऊ दांडी घ्या. इस्त्रीचं टोक तिला पाच सेकंद टेकवा. दांडीवर डाग पडला नाही आणि तेच टोक सोल्डर वितळवतंय, म्हणजे तापमान बरोबर. दररोज काम सुरू करताना ही परीक्षा घ्याच, कारण आपल्याकडचं व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ सारखं नसतं.

फ्लक्स, म्हणजे सोल्डर धातूला धरावा म्हणून लावायचा द्रव, फॉस्फोरिक आम्लाचा. ८५ टक्क्यांचं आम्ल एक भाग आणि बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी दहा भाग, म्हणजे सुमारे १२ टक्के. आधी पाणी, मग त्यात आम्ल हळूहळू, डोळ्यांना चष्मा लावून. रेडिएटरवाल्याकडचं झणझणीत अ‍ॅसिड इथे नको, ते नंतर सांध्यातून फुलून येतं.

आता कृती. सांध्याच्या दोन्ही कडा पात्याने खरवडून चकचकीत करा. भाग जागेवर धरा, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी किंवा ब्लू टॅकने (परत काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने). ब्रशने फ्लक्स भरपूर लावा. सोल्डरचा गव्हाएवढा तुकडा इस्त्रीच्या टोकावर उचला आणि सांध्याच्या आतल्या बाजूने टेकवा. फ्लक्स चर्रर्र करतो, सोल्डर एकदम पाण्यासारखा होऊन फटीत धावतो, कडेला एक चंदेरी रेघ दिसते. दिसली की इस्त्री उचला. तिथे थांबून जास्तीचं पक्कं करायला जाऊ नका. थंड व्हायला या सोल्डरला वेळ लागतो, दहा-पंधरा सेकंद भाग हलवू नका.

पितळेचा भाग व्हाइटमेटलला जोडायचा असेल तर हा सोल्डर पितळेला नीट धरत नाही. आधी पितळेला, व्हाइटमेटलपासून दूर नेऊन, गरम इस्त्रीने साध्या सोल्डरची कल्हई करा. मग ती कल्हई केलेली बाजू व्हाइटमेटलवर ठेवून ७० अंशांच्या सोल्डरने जोडा.

पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर इस्त्रीचं टोक थंड पडतं. एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे सहाला उरका. दुपारी बेचाळीस अंशांत घाम कामावर ठिबकतो.

प्रत्येक बैठकीनंतर धुणं सक्तीचं. भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश, कोमट पाणी. गच्चीवरच्या सोलरचं पाणी थेट घेऊ नका. आपल्या उन्हात ते सहज सत्तरच्या पुढे जातं आणि सकाळी जोडलेलं इंजिन बादलीच्या तळाशी सुटं झालेलं सापडतं. बोअरचं पाणी क्षारांचा पांढरा थर सोडतं, म्हणून शेवटचं खळबळणं बॅटरीच्या पाण्याने.

सोल्डर जमतच नसेल तर अ‍ॅराल्डाइट चालतो, हे कमीपणाचं नाही. रात्रभर सुकणारा साधा घ्या, लवकर सुकणारा उन्हाळ्यात ढवळेपर्यंत घट्ट होतो. फेविक्विक फक्त बारक्या भागांना. या धातूचं वजन जास्त, आणि धक्का बसला की फेविक्विकचा सांधा कडकन सुटतो. शिवाय तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात रेंगाळतो. त्यावर हलकेच श्वास सोडला की पटकन धरतो.

बॉडी

ओतीव भागांच्या कडेने साच्याची रेघ आणि पापुद्रा असतो. तो कानशीने नाही, आधी पात्याने खरवडून काढा, कानस शेवटचा हात फिरवायला. बॉयलरच्या दोन अर्ध्या भागांची रेघ सर्वात चिवट असते. वाकलेले भाग बोटांनी, काचेवर दाबत, एकेक मिलिमीटरने सरळ करा. झटका दिला तर तुटतात.

न जोडता सगळी बॉडी एकदा रचून बघा, आणि ती चेसिसवर ठेवून बघा. फुटप्लेट चेसिसवर टेकते का, मोटर बॉयलरमध्ये मावते का, चाकं टाकीच्या तळाला घासतात का. आतून खरवडायचं काही असेल तर आत्ताच.

मग फुटप्लेटपासून सुरुवात. ती काचेवर सपाट. बफर बीम (बफर बसतात तो आडवा पाट) गुण्याने काटकोनात. त्यानंतर कॅबची पुढची भिंत आणि बाजू, मग टाक्या आणि बॉयलर एकत्र, शेवटी स्मोकबॉक्स (बॉयलरचं पुढचं, धुराड्याखालचं टोक). प्रत्येक मोठा भाग आधी दोन टोकांना नुसता टाचा, चेसिसवर चढवा, काचेवर ठेवून डोळे काचेच्या पातळीला आणून बघा. सरळ असेल तरच पूर्ण सांधा भरा. वाकडा असेल तर टाचणाला इस्त्री टेकवली की सुटतो. याच टप्प्यावर संयम ठेवणाऱ्याचं इंजिन ओळखू येतं.

धुराडं आणि घुमट बसवताना समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. धुराडं एक अंशही कललं तर सगळं इंजिन दारुड्यासारखं दिसतं. तो अंश कॅलिपर सांगत नाही, पण समोर लांब उभं राहून बघितलं की डोळा लगेच सांगतो. फटी याच सोल्डरने भरा आणि कानसून काढा. रंगाखाली त्या दिसत नाहीत. जिथे इस्त्री पोचत नाही तिथे एम-सील. हँडरेलसाठी ०.५ मिलिमीटर पितळी तार, आणि तिच्या खुंट्यांची भोकं हाताच्या ड्रिलने, दोन फेरे पुढे, एक मागे. मऊ धातूत ड्रिल अडकून मोडतं, म्हणून टोकाला साबण लावा.

बॉडी चेसिसवर बसली की इंजिन पेन्सिलीवर आडवं तोलून बघा. तोल मधल्या आसाच्या जवळ आला पाहिजे. नाक जड झालं तर कॅबच्या तळाशी, दिसणार नाही असं, शिशाचं वजन चिकटवा. या किटांना ओढायची ताकद मिळते ती वजनातूनच, पण ते सहाही चाकांवर पडलं तरच.

रंग

मराठवाड्यात रंगकामाचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात स्प्रेच्या रंगावर दुधी झाक येते, आणि उन्हाळ्यात रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो, वर धुळीचे कण. रंगाच्या आदल्या दिवशी इंजिन साबणाने धुऊन झाकून वाळवा, त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नका. आधी गाड्यांसाठी मिळणारा करडा एचिंग प्रायमर, पातळ, दोन हात. प्रायमर लागला की राहिलेल्या रेघा आणि फटी लख्ख दिसतात. तिथे थांबा, दुरुस्त करा, पुन्हा प्रायमर मारा.

रंगसंगतीत सोपी निवड काळ्याची. १९४८ नंतर ब्रिटिश रेल्वेत ही इंजिनं साध्या काळ्या रंगात आली. ग्रेट वेस्टर्नच्या जमान्यातलं हवं असेल तर मिडल ब्रुन्सविक ग्रीन हार्डवेअरच्या दुकानात यंत्रांच्या इनॅमलमध्ये मिळतो, फोटोशी ताडून थोडा काळा मिसळा. वेगळं काही करायचं असेल तर लाल. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ ते १९६३ या काळात यातली १३ इंजिनं घेतली होती आणि ती त्यांच्या गडद लाल रंगात १९७१ पर्यंत चालली.

इनॅमल वाळवायला ओव्हन नको, मे महिन्यातल्या पत्र्याखालची खोली नको, आणि तयार इंजिन मित्राला दाखवायला नेताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. सत्तर अंश तिथे सहज भरतात. क्रमांकाची स्टिकरं लावून झाली की मॅट वार्निशचा एक पातळ हात, दोन दिवस विश्रांती, मग आसांना शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब. ठेवायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत स्वच्छ सुती कापड. मूळ पुठ्ठ्याची पेटी आठवण म्हणून जपा, पण इंजिन तिच्यात परत ठेवू नका.